सुपारीची गाठ

उद्धवरावाला मीठ आणायला बाजारात पाठवलं तर तो बैलाच्या गळ्यातली घंटा घेऊन घरी यायचा. घंटा चांगली असायची, घासाघीस करून घेतलेली असायची, आणि ती बैलाच्या गळ्यात बांधून, बैलाला अंगणात फिरवून, नाद नीट येतो की नाही हे बघून होईपर्यंत मीठ नावाची वस्तू जगात आहे हेच त्याच्या गावी नसायचं. जेवताना पहिला घास तोंडात गेला की तो बायकोकडे बघायचा. "वरण अळणी काऊन लागून राह्यलं?" जयवंताबाई मिठाचा रिकामा डबा पुढं सरकवायची. मग त्याला आठवायचं. कपाळावर हात मारून तो तसाच ताटावरून उठायचा आणि शेजारी मीठ मागायला निघायचा. शेजारी कोणी सायकल उलटी करून बसलेला दिसला की संपलं. ताट तसंच राहायचं आणि वरण गार व्हायचं.

गाव तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, जैनथकडचं, पैनगंगेच्या काठचं. कापूस आणि ज्वारी पिकवणारी घरं, घरात आपली बोली, कचेरीत तेलुगू आणि व्यापाऱ्याशी हिंदी. गावानं त्याचं नाव भिरभिऱ्या ठेवलं होतं. आता शहरातले डॉक्टर अशा माणसाच्या मेंदूची काहीतरी खोड सांगतात, तिला नाव आहे, गोळ्या आहेत म्हणे. ऐंशी सालच्या आगेमागे त्या गावात कोणी त्याला आळशी म्हणायचं, कोणी बेफिकीर, आणि फारच दया आली तर लहानपणी कोणाची नजर लागली असेल म्हणायचं. आळशी म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा माणूस बुड टेकायचा नाही. फक्त जे काम सांगितलं ते सोडून तो बाकी सगळी करायचा.

घरामागं तीन भिंतींचा गोठा होता. चौथी भिंत घालायच्या दिवशी त्याला बाभळीवर आग्या मोहोळ दिसलं होतं. ओसरीवर अर्धी विणलेली बाज उभी असायची; पाहुणे तिच्यावर बसायला जायचे आणि जयवंताबाई धावत येऊन त्यांना सतरंजी टाकून द्यायची. एकदा थोरल्या भावानं, यशवंतरावानं, त्याला मिरचीला पाणी द्यायला बसवलं. एका वाफ्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं, एवढंच काम. उद्धवनं दोन-तीन वाफे झकास भरले. मग त्याला दांडातून वाहत जाणारं एक पान दिसलं आणि ते कुठून आलं, पाणी कुठं जोरात चालतं, कुठं थांबतं हे बघत तो पार विहिरीपर्यंत गेला. तिथं बसून त्यानं काडीची छोटी फिरकी केली. फिरकी पाण्यावर सुरेख फिरत होती. मागं एकाच वाफ्यात पाणी साचत राहिलं, बांध फुटला आणि निम्मी मिरची बुडून सडली. यशवंतराव शिवी द्यायच्याही मनःस्थितीत नव्हता. "तू येगळा होय बाबा," तो म्हणाला. "तुह्यासंगं माही भाकर मोडून राह्यली." तसे भाऊ वेगळे झाले.

उद्धवला या सगळ्याचं काही वाटत नसेल असं लोक समजायचे. त्याला फार वाटायचं. घराबाहेर पडताना तो प्रत्येक वेळी मनाशी घोकत निघायचा, आज चुकायचं नाही, आज सरळ जायचं आणि सरळ यायचं. पण त्याचं डोकं म्हणजे चारी बाजूंनी उघडा गोठा होता. जे जनावर समोरून जाईल ते आत शिरायचं आणि आधीचं बाहेर पडायचं. बाहेर पडलेलं त्याला दिसायचंसुद्धा नाही. दिसायचं ते नंतर, दुसऱ्याच्या तोंडावर. आपल्यामुळं कोणाचा तरी चेहरा पडला आहे हे बघण्यात त्याचा निम्मा जन्म गेला होता.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडं अशी होती की तिच्यासाठी आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. विहिरीवरचं डिझेल इंजन. ते बिघडलं की मिस्त्री आदिलाबादहून येईपर्यंत पीक वाळायचं, पण उद्धवराव आला की काम व्हायचं. तो आधी नुसता ऐकायचा. मान वाकडी करून, डोळे मिटून. मग नट सोडायला लागायचा आणि त्याच्यासाठी बाकीचं जग बंद व्हायचं. भूक नाही, ऊन नाही, हाक नाही. तेवढ्या वेळात त्या उघड्या गोठ्याला चारी दारं लागायची. आयुष्यात त्याला शांत वाटायचं ते फक्त तिथं.

जयवंताबाईचं नवं लग्न झालेलं असताना तो तिला जैनथच्या बाजारात विसरून आला होता. ती बांगड्या भरायला बसली होती आणि हा गाडीपाशी थांबला होता. शेजारच्या गाडीचं चाक कुरकुरत होतं म्हणून त्यानं ते काढून वंगण घातलं, त्या गाडीवाल्याशी बोलत बोलत आपलीही गाडी जुंपली आणि गप्पा मारत घरी आला. बैल सोडताना आईनं विचारलं, "सून कुठं हाय रे?" जयवंताबाई हिरव्या बांगड्या भरलेल्या हातांनी डोक्यावर गाठोडं धरून दिवेलागणीला पायी आली. गाव त्यावर कित्येक वर्षं हसलं. पुढं तीही हसायची, पण त्या दिवशी नाही हसली. त्या दिवशी चुलीपाशी बसून तिनं ठरवलं की हा माणूस वाईट नाही, आणि रागावून हा सुधारणारा नाही. काहीतरी दुसरं करावं लागेल.

ते दुसरं तिला चुकून सापडलं. एकदा सुपारी सांडू नये म्हणून तिनं ती त्याच्या दुपट्ट्याच्या टोकाला बांधून दिली होती. उद्धव दुपट्टा खांद्यावरून पुढं सोडायचा. त्या दिवशी तो तण काढायच्या डवऱ्यामागं चालत असताना, वाकला की ती गाठ गुडघ्यावर आपटायची. आपटली की तो थबकायचा, हातात घ्यायचा, "हे काय होय बरं?" म्हणायचा आणि भानावर यायचा. त्या दिवशी त्यानं अख्खं वावर डवरून टाकलं. जयवंताबाईनं बांधावरून हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सुपारी बांधली, आणि बांधताना त्याच्या डोळ्यांत बघून एकच काम सांगितलं. दोन नाही, एकच.

गाठ तर सगळेच मारतात. पण नुसती गाठ त्याला पुरायची नाही, तिला वजन लागायचं. तो कुठंही रमला, वाकला, की सुपारी ठक्कन लागायची आणि त्याला ओढून आणायची. पुढं पुढं जयवंताबाई त्यात तरबेज झाली. मीठ आणायचं तर सुपारीबरोबर मिठाचा खडा, रॉकेल आणायचं तर वातीचा तुकडा. अर्धी बाज पुरी झाली. गोठ्याची चौथी भिंत उभी राहिली, थोडी वाकडी, पण राहिली. बाया हसायच्या, "जयवंताबाई नवऱ्याले दावं बांधते." ती म्हणायची, "बांधतो. तुमाले काय करा लागते?"

त्यांना एकच लेकरू, राही. बाप असा असणं मुलाला काय सुखाचं असतं ते राहीला विचारावं. ती रडली की तो हातातलं सगळं टाकून यायचा. सांगितलेलं टाकून यायचा हेही खरं, पण लेकराला त्याचं काय? त्यानं तिला कापसाच्या पळाट्यांची गाडी करून दिली, नदीच्या चिकणमातीचं जातं करून दिलं, एकदा डब्याच्या पत्र्याची मोट. तिनं लहानपणी त्याच्या मांडीवर बसून कितीदा ती गाठ चाचपली असेल. "बाबा, आज काय हाय यात?" ती विचारायची. तिच्या लग्नात तर त्याच्या दुपट्ट्याला इतक्या गाठी होत्या की व्याही म्हणाले, "उद्धवराव, दुपट्टा हाय का जाळं?" त्या लग्नात एकही गोष्ट विसरली गेली नाही. मांडव उतरला तेव्हा उद्धव एकेक गाठ सोडत बसला होता आणि रडत होता. आनंदानं की लेक गेली म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

राही बोथकडच्या एका घरात दिली होती. नव्वदच्या आसपास, कापूस वेचणीच्या दिवसांत, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासरची माणसं बरी होती. फक्त त्यांना वंशाला मूल हवं होतं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं होतं.

एका पहाटे तिच्या कळा सुरू झाल्या. बयनाबाई, गावची सुईण, येऊन बसली. तिच्या हातून गावातली अर्धी माणसं जन्मली होती, उद्धवसकट. ऊन अंगणात आलं तरी बाळ येईना. बयनाबाईनं पुन्हा हात लावून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. ती बाहेर येऊन हळूच म्हणाली, "जयवंता, पोरगं आडवं हाय. हात आधी येऊन राह्यला. हे माह्या हातचं नाई. आदिलाबादले न्या लागते."

बस दुपारशिवाय नव्हती. पुढच्या गावच्या उत्तमरावाकडं जीप होती. फाट्यावरून माणसं ने-आण करायची. उद्धव तोवर उभाच होता. जयवंताबाईनं त्याच्या दुपट्ट्याच्या टोकात सुपारी घातली, ओढून गाठ मारली, त्याच्या डोळ्यांत बघितलं. "जीप आना. दुसरं काईच नाई. जीप."

"जीप," तो म्हणाला.

तेवढ्यात आतून राहीचा असा आवाज आला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. बयनाबाई दारात आली. "गाठी सोडा सगळ्या! घरातली एकबी गाठ ठेवू नका!"

बाळंतीण अडली की त्या भागात हेच करतात. घरात कुठं गाठ राहिली तर पोटातली वाट अडते, असं मानतात. जयवंताबाईनं पेटीचं कुलूप काढलं, डब्यांची झाकणं काढली, ज्वारीच्या पोत्याचं तोंड सोडलं, बैलांची दावी सोडली, ओसरीवरच्या त्या बाजेची दोरीसुद्धा सैल केली. स्वतःचा अंबाडा मोकळा सोडला. केस पाठीवर टाकून ती वळली तेव्हा बयनाबाईचं बोट उद्धवकडं होतं.

"त्याच्या दुपट्ट्याची?"

"ते राहू द्या मावशे," जयवंताबाई म्हणाली. "ती गाठ वेगळी हाय. तिच्याबिगर..."

"गाठ ते गाठ! माय होस का कोन होस तू?"

"मंग बाहेर गेल्यावर मारतो. कवाडाबाहेर," जयवंताबाई म्हणाली.

"बाहेर जाओ नाईतर घरात राहो, घरचाच मानूस होय ना तो? पोरगं होईपर्यंत त्याच्याबी अंगावर गाठ नको." आतून राही पुन्हा ओरडली, आणि या वेळी तिनं आईला हाक मारली.

जयवंताबाईनं गाठ धरली. ती तिनंच इतकी घट्ट मारली होती की नखांनी सुटेना. तिनं दातांनी सोडली. सुपारी तिच्या तळहातावर आली. मग तिनं ती उद्धवच्या हातात दिली आणि त्याची बोटं स्वतःच्या हातांनी मिटली.

"मुठीत धरा. सोडू नका."

"अवं, माह्या लेकीचं हाय," उद्धव म्हणाला. "हे कसं इसरीन मी?" आणि तो मनापासून बोलत होता. त्याला वाईट वाटलं की तिला एवढंही सांगावं लागतं.

तो पळतच गेला. वाटेत कापसात बाया वेचत होत्या, कोणी हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही. आंब्यापाशी दोन माणसं साप मारत होती, तो थांबला नाही. मूठ घट्ट होती आणि तोंडानं तो जीप, जीप म्हणत होता. इतकं सरळ तो जन्मात कधी चालला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो.

उत्तमराव वाटेवरच, आपल्या विहिरीपाशी भेटला. इंजनाभोवती माणसं जमली होती. उद्धवला बघून उत्तमरावानं हातच जोडले. "देवानं धाडलं तुमाले!"

"जीप पायजे. राही अडली हाय. आत्ता पायजे."

"अरे माय!" उत्तमराव चांगला माणूस होता. "जीप फाट्यावर गेली शीटा सोडाले. येऊनच राह्यली. आली का तशीच घेऊन जा, पैशाचं नाव नको. बसा, घोटभर पानी प्या."

उद्धव बसला नाही. वाटेकडं बघत उभा राहिला. वाट मोकळी होती. मागं कोणीतरी इंजनाचं हँडल मारलं. इंजन दोनदा धापलं आणि बंद पडलं. उद्धवची मान आपोआप वाकडी झाली.

"हवा धरली त्यानं," तो वाटेवरची नजर न काढता म्हणाला.

"हवा काढली ना जी, दोनदा."

"मंग नोजल पाहा."

त्यांनी चुकीचा नट धरला. पाना सटकला. उद्धवला ते बघवेना. जीप आली की आवाज येईलच, आणि दाखवायला कितीसा वेळ लागतो? तो खाली वाकला. पाना धरायला मूठ उघडावी लागली, म्हणून त्यानं सुपारी विहिरीच्या कठड्यावर ठेवली, अगदी नजरेसमोर, जपून. दुपट्ट्याचं टोक गुडघ्यावर आलं. ते हलकं होतं, कशावर आपटलं नाही.

नोजलात कचरा होता. ते रॉकेलनं धुतलं, तर पाइपाच्या वायसरला चीर निघाली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मागवून तो कापला, तो जाड झाला, दुसरा कापला. दारं एकेक लागत गेली. मध्येच कुठंतरी वाटेवरून गाडीचा आवाज आला, उत्तमरावाच्या घराकडं गेला, थोडा थांबला, मग माणसांच्या गलक्यासह पुन्हा लांब गेला. उद्धवनं तो आवाज ऐकला होता. आयुष्यभर त्याला ते सांगता आलं: ऐकला होता, आणि मनात म्हणालाही होता की या गाडीचा एक सिलिंडर मारत नाही, तीनावरच चालून राह्यली. मग तो वायसर बसवायला लागला.

उत्तमराव तेव्हा मोटेच्या बैलांच्या जुन्या धावेपलीकडं मजुरांना मजुरीचा चुकारा देत होता. जीप आली की उद्धवराव धरेलच, तो त्यासाठीच उभा आहे, असं तो समजून चालला होता. बाजाराचा दिवस होता. ड्रायव्हरला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं माणसं भरली आणि तो जैनथला निघून गेला.

इंजन पहिल्या हँडलला सुरू झालं. पाइपातून पाणी धबाधबा आलं, माणसं ओरडली, कोणीतरी उद्धवच्या पाठीवर थाप मारली. तो हसला. त्यानं त्या थंड पाण्यात हात धुतले, तोंड धुतलं आणि पुसायला दुपट्टा ओढला. हात सवयीनं टोकाची गाठ शोधू लागला. टोक सपाट होतं. त्यानं दुसरं टोक धरलं. तेही सपाट. मग त्यानं वर पाहिलं, आणि कठड्यावर ती सुपारी होती.

सावल्या पार पायाखाली आल्या होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मलाच राग येतो आणि कोणावर काढायचा ते कळत नाही. उत्तमरावानं स्वतः बैलगाडी जुंपली, दुपारची बस तोवर गेली होती, फाट्यावर एका ट्रकवाल्याचे पाय धरले. राहीला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती कण्हायचीही थांबली होती. डॉक्टरांनी तिला वाचवलं. मुलगा होता, तो आधीच गेला होता. गर्भाची पिशवी फाटली होती, ती काढावी लागली. "सकाळी आणलं असतं तर दोघंही..." डॉक्टर म्हणाले आणि बापाचा चेहरा बघून कागदावर लिहायला लागले.

सासरच्यांनी वर्षभर वाट बघितली म्हणायचं. कशाची, ते देव जाणे. मग जावयानं दुसरी केली आणि राही एक पेटी घेऊन माहेरी आली. भांडण नाही, शिवी नाही. आली, आणि आईबरोबर शेतात जायला लागली.

गावात त्यानंतर उद्धवला कोणी भिरभिऱ्या म्हटलं नाही. त्याच्यावर कोणी हसेना. हसायचे तेव्हाच बरं होतं, असं त्याला वाटायचं. आता तो पारावर आला की लोक गोष्ट बदलायचे. इंजनासाठी बोलावणं आलं की तो हात जोडायचा. पुढं पुढं बोलावणंच येईना. पाने, पकड, नोजलची सुई, सगळं एका पोत्यात घालून तो एक दिवस पैनगंगेवर गेला आणि रिकामा परत आला. त्या दिवशी तो वाटेत कुठंही थांबला नाही. उघड्या गोठ्यातली ती एकच शांत जागा त्यानं आपल्या हातानं बुजवली, आणि मग राहिला तो नुसता वारा.

जयवंताबाईनं पुन्हा गाठ मारली नाही. त्यानं कधी मागितली नाही, तिनं कधी दिली नाही. एकदाच बोलणं झालं. तो ओसरीवर बसून म्हणाला, "माही चूक होती."

"गाठ मी सोडली," ती म्हणाली.

"तुले सांगतलं होतं बयनाबाईनं."

"सांगतलं असन. पन गाठीबिगर तुमचं ध्यान राहत नाई, हे तुमाले नव्हतं ठावं. मले ठावं होतं. मले एकटीले ठावं होतं अन् म्या दातानं सोडली."

दोघांनाही आपापली चूक दुसऱ्याला देता येईना आणि दुसऱ्याची आपल्याकडं घेता येईना. त्यानंतर त्या घरात बोलणं कामापुरतं राहिलं.

तो स्वतः खटपट करायचा. स्वतःच गाठ मारायचा. पण आपणच मारलेली गाठ आपणच नकळत सोडतो, आणि सोडलेलं कळत नाही. चपलेत खडा घालायचा. पाय सोलून निघायचा, काम राहायचं. वाटेनं मोठ्यानं बडबडत जायचा, "साखर, साखर," आणि पोरं मागून "साखर, साखर" करत यायची. मग जयवंताबाईनं त्याला काम सांगणंच सोडलं. ती आणि राही दोघी सगळं उरकायच्या. त्याला भाकर वेळेवर मिळायची. कोणी काही मागत नाही अशा माणसाला जसं वाटावं तसं त्याला वाटायचं. गोठ्याची चौथी भिंत एका पावसात पडली, ती त्यानं पुन्हा घातली नाही.

अशी काही वर्षं गेली. एका हिवाळ्यात जयवंताबाई तापानं फणफणली. दोन दिवस ती उठली नाही. राहीला तिच्या उशाशी बसावं लागलं. गोळ्या जैनथहून आणायच्या होत्या आणि जायला उद्धवशिवाय कोणी नव्हतं. तो दुपट्टा खांद्यावर टाकून दारात उभा राहिला, पण त्याचा पाय उचलेना. वाट समोर दिसत होती. वाटेवर काय काय असेल ते त्याला माहीत होतं.

राही उठून आली. फडताळातून तिनं सुपारी काढली, त्याच्या दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं. तिला ते लहानपणापासून ठाऊक होतं.

उद्धवनं टोक ओढून घेतलं. "नको माय. गाठ नको. घरात गाठ राह्यली अन् मंग..."

"बाबा, टोक सोडा," राही म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. तिनं टोक पुन्हा हातात घेतलं, सुपारी आत ठेवली आणि ओढून गाठ मारली. "आता या घरात कोनी बाळंत व्हाचं राह्यलं नाई. कितीबी गाठी असू द्या, सोडा लागत नाई."

आत जयवंताबाईनं हे ऐकलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

उद्धव निघाला. वाटेत उत्तमरावाच्या विहिरीवर इंजन चालू होतं आणि ते नीट चालत नव्हतं. त्याची मान वाकडी झाली, आणि तो चपलेचा अंगठा नीट करायला वाकला तशी सुपारी ठक्कन गुडघ्यावर लागली. त्यानं ती हातात धरली आणि तो चालायला लागला. दुपार व्हायच्या आत तो गोळ्या घेऊन घरी आला.